शालूखालची फाईल

पत्र सांगलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंचं वय त्रेचाळीस, यजमान एकोणपन्नास, मुलगी बारावीत. पेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. ओसरल्यावर पाहिलं तर भिजलेल्या वह्यांचे गठ्ठे फुगून शटरला असे टेकले होते की शटर वर जाईना, शेवटी कापावं लागलं. त्यानंतर यजमान बोलेनासे झाले, जेवण तुटलं, 'मी नसलेलो बरा' असं दोनदा म्हणाले. मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या दीड वर्ष चालल्या. बरे झाले, दुकान पुन्हा उभं केलं. आता बीपीमुळे किडन्या गेल्यात आणि अकरा महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. बाईंचा रक्तगट ओ, यजमानांचा बी. तपासण्या जुळल्या, पुण्याला प्रत्यारोपण ठरतंय आणि पुढच्या महिन्यात दोघांनाही तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी बोलावलंय. सासूबाई आणि दीर म्हणतात, जुन्या आजाराचा शब्द काढायचा नाही. शिक्का बसला तर किडनी मिळणार नाही, शिवाय उद्या नातीचं लग्न करायचंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती फाईल सासूबाईंनी बाईंच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवायला लावली आहे. यजमान झोपेसाठी रात्री अजूनही अर्धी गोळी घेतात, ते किडनीच्या डॉक्टरांना ठाऊक नाही. बाईंचा प्रश्न: सांगावं की लपवावं? आणि सहीच्या खाली, वेगळ्या पेनानं: 'मला एकटीला आत बोलावलं तर काय बोलू? मलाही हल्ली झोप लागत नाही.'

ताई,

तुमचं पत्र मी आधी वरून खाली वाचलं आणि मग खालून वर. सहीखालच्या त्या ओळीकडे मी येणार आहे. खरं सांगायचं तर मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. पण आधी तुम्ही विचारलेलं बघू.

सासूबाई काय म्हणतात ते तुम्ही सविस्तर लिहिलंय. दीर काय म्हणतात तेही आहे, तुमच्या आईचं मतही एका ओळीत येऊन गेलंय. अडीच पानांत यजमान काय म्हणतात ते मात्र कुठंच नाही. आजार त्यांचा, फाईल त्यांची, ऑपरेशनही त्यांचंच. आणि ती मूठ झाकायची की उघडायची हे बाकीचे चौघं स्वयंपाकघरात ठरवतायत! हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला घरचे हळूहळू निर्णयातून वगळतात, आणि ते प्रेमापोटीच होतं: 'त्यांना कशाला त्रास.' मी डायलिसिस विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काढली. तिथं खुर्चीत बसलेल्या माणसाला सोडून त्याच्या डोक्यावरून नातेवाइकांशी चाललेलं बोलणं रोज ऐकायचे. कधीकधी त्यात मीही असायचे.

आता शिक्क्याचं. आपल्या भागात मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे लोक लगेच येरवड्यापर्यंत पोचवतात, त्यामुळं सासूबाईंची भीती हवेतून आलेली नाही. पण ती चुकीच्या जागी बसली आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात मनाच्या आरोग्यावरून जी बंदी आहे, ती अवयव देणाऱ्यासाठी: मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीचा अवयव ती हयात असताना काढून घेता येत नाही. जिला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, तिचा कुणी फायदा घेऊ नये म्हणून हे कलम आहे. घेणाऱ्याला कधीकाळी नैराश्य आलं होतं म्हणून त्याला किडनी देऊ नये, असं त्या कायद्यात नाही. घरोघरी या दोन गोष्टींची खिचडी होते आणि मग फाइली शालूखाली जातात.

डॉक्टर लोक काय बघतात? किडनीच्या आजारांसाठी जगभर वापरली जाणारी 'केडिगो' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रत्यारोपणासाठीच्या उमेदवारांबद्दलची त्यांची आवृत्ती २०२० मध्ये आली. त्यात मनाची आणि घरच्या परिस्थितीची तपासणी करायला सांगितलंय, पण थांबवायचं कुणाला? ज्याचा आजार आज अस्थिर आहे आणि त्यामुळं ज्याला निर्णय घेता येत नाही किंवा ऑपरेशननंतर ज्याच्या जिवाला फार धोका आहे, त्याला. सहा वर्षांपूर्वी आजारी पडला, उपचार घेतले, उठला आणि दुकान उभं केलं, असा माणूस या व्याख्येत कसा बसेल? मला तर उलटंच दिसतं. प्रत्यारोपण म्हणजे किडनी आपलीशी ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर, त्यातली मुख्य गोळी बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. 'हा माणूस बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडून देईल का?' ही डॉक्टरांची सगळ्यात मोठी काळजी असते. तुमच्या यजमानांनी दीड वर्ष गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर थांबवल्या. तुम्ही लपवताय तो त्यांच्या बाजूचा कागद आहे.

त्या फाइलीपेक्षा मला काळजी वाटते ती अर्ध्या गोळीची.

तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. पण झोपेच्या बऱ्याच गोळ्या अशा असतात की रोजची सवय लागलेली असताना एकदम बंद केल्या तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस सैरभैर होतो, क्वचित झटकाही येतो. आता ऑपरेशननंतरचा चौथा दिवस डोळ्यांसमोर आणा. तुमचे यजमान आयसीयूत. त्यांना टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून असलेली ती मुख्य गोळी, चालू आहे, त्या औषधानंही हात थरथरतात. स्टिरॉइड चालू आहे, त्यानं झोप उडते, मनाचे चढउतार होतात, एखादा विनाकारण चिडतो, तर एखादा रडत बसतो. आणि जी अर्धी गोळी रोज पोटात जायची ती गेलेली नाही, कारण ती आहे हेच तिथं कुणाला माहीत नाही. तुम्ही दुसऱ्या वॉर्डात, पोटाला टाके घेऊन. डॉक्टरांनी काय समजायचं?

असा एक पेशंट मी पाहिलाय. घरच्यांनी आधीचा आजार आणि गोळ्या दोन्ही लपवलं होतं. ऑपरेशननंतर माणूस नळ्या उपटायला लागला. संसर्ग झाला का, औषध जास्त झालं का, मेंदूत काही झालं का, सगळं शोधून झालं. दोन दिवसांनी त्याच्या भावानं लिफ्टपाशी मला गाठून हळूच सांगितलं, 'मॅडम, त्याला झोपेची गोळी होती.' त्या दोन दिवसांत भाऊ त्याच खोलीबाहेर बसून होता. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं आईला शब्द दिला होता.

म्हणून गोळीचं पाकीट या आठवड्यातच किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हे वाचून घाबरून ती गोळी आजच बंद करू नका, तेही तेवढंच चुकीचं. कमी करायची की बदलायची ते डॉक्टर ठरवतील. किडनी काम करत नसताना मनाच्या काही औषधांचं गणितच बदलतं. लिथियमसारखं औषध तर बहुतेक सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं, तिथं जरा इकडंतिकडं झालं तरी महागात पडतं. तुमच्या यजमानांना ते नसेल. पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या घरी असेल, तर किडनीचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर यांना एकमेकांचे कागद बघू द्या.

आणि आजचं काय? तुम्ही सगळं २०१९ चं लिहिलंय. डायलिसिसवरच्या माणसांत नैराश्य भरपूर दिसतं, साधारण पाचांत एकाला तरी. पण ओळखू येत नाही, कारण थकवा, तोंडाची चव जाणं, झोप न लागणं, कशात मन नसणं ही सगळी किडनीच्या आजाराचीही लक्षणं आहेत. घरचे म्हणतात, 'डायलिसिसनं होतंय.' फरक बघायची माझी एक साधी रीत आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी, बऱ्यापैकी बरं असताना, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का? मुलीशी बोलतात का, जूनमधल्या दुकानाच्या गर्दीची आठवण काढतात का? आणि 'मी नसलेलो बरा' हे वाक्य पुन्हा आलंय का? आलं असेल, किंवा 'डायलिसिस बंद करा, कशाला तुमचा पैसा घालवता' अशा रूपात आलं असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. मिरजेच्या त्याच डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सरळ विचारायलाही घाबरू नका: 'तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर येतो.

पुण्याच्या त्या खोलीत नेमकं काय होतं, ते सांगते, म्हणजे निम्मी धास्ती जाईल. ऑपरेशन म्हणजे काय ते कळलंय का, नंतर गोळ्यांचं कोण बघणार, डायलिसिसच्या किती पाळ्या बुडवल्या, पाणी मोजून पितात का, तंबाखू-मिश्री-दारू काय आणि किती, पूर्वी मनाचा काही आजार, घरात कोण कोण, पैशांचं कसं. काही ठिकाणी 'सिपॅट' नावाची अठरा मुद्द्यांची यादी वापरतात, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली. तिच्यात आजाराबरोबर घरच्या आधारालाही वजन आहे. मनाच्या आजाराबद्दल विचारलं की यजमानांनी स्वतः, दोन-तीन वाक्यांत सांगावं: 'पुरात दुकान गेलं तेव्हा मला डिप्रेशन आलं होतं. मिरजेला दीड वर्ष उपचार घेतले, ही फाईल. सध्या झोपेसाठी एवढी एक गोळी घेतो.' झालं. त्यासाठी फाइलीच्या दोन झेरॉक्स काढा आणि मिरजेच्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या: आजार काय होता, औषधं कुठली, कधी सुरू, कधी बंद, आज कसे आहेत.

तरी समजा ते म्हणाले, 'थोडं थांबा, आधी हे उपचार नीट करू.' घरी त्याचा अर्थ 'नापास' असा लावला जाईल. पण नैराश्याच्या औषधांना लागू पडायला काही आठवडे लागतात, तेवढा वेळ ते मागत असतात. हिमोग्लोबिन कमी असलं तर थांबवतात, दातात पू असला तरी थांबवतात. दाताला कुणी शिक्का म्हणत नाही!

सासूबाईंना काय सांगायचं? माझा सल्ला, तुम्ही वाद घालू नका. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांची किंमत आपल्याकडे वेगळी असते, हे तुम्हाला मी काय सांगावं. मिरजेला पत्र आणायला जाताना त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा की हे सांगितलं तर किडनी नाकारतील का. नातीच्या लग्नाची काळजी असेल तर हेही ऐकवा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क पेशंटला दिलाय. पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं म्हणून ते पेठेत पोचत नाही. पेठेत पोचायचं असतं ते घरातूनच पोचतं. आणि मुलगी २०१९ मध्ये अकरा-बारा वर्षांची असेल ना? मी पैज लावते, तिला सगळं माहीत आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. सासूबाईंचा मुलगा आठ महिने समोर बसून बोलत नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी ते आई म्हणून पाहिलंय. त्यांना ती फाईल दिसायला नको आहे, यात लोकलाज निम्मीच असेल.

आता सहीखालची ओळ.

हो, तुम्हाला एकटीला आत बोलावतील. बोलावलं नाही तर तुम्ही मागून घ्या. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत, दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती आहे की नाही याची खात्री घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी, असं स्पष्ट लिहिलंय. ते उगाच लिहिलेलं नाही. आपल्या देशात हयातपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, बायको नाहीतर आई. तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, 'दिरांना विचारलं नाही, त्यांना त्यांचा संसार आहे.' ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. ताई, तुमचा काय आहे?

तुम्ही किडनी देऊ नये असं मी म्हणत नाहीये. तुम्हाला द्यावीशी वाटत असेल, मनापासून, आणि तरीही भीती वाटत असेल. दोन्ही एका वेळी असू शकतं, आणि भीती म्हणजे नकार नव्हे. मला एवढंच दिसतं की हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेला नाही. रक्तगट जुळला आणि ठरलं. पुण्याच्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी तो विचारेल, तेव्हा पाठ केलेलं उत्तर देऊ नका. 'मला झोप लागत नाही' हे तिथं सांगा, त्यानं तुम्ही बाद होत नाही. झोप कशानं उडाली ते शोधतील: ऑपरेशनची भीती, एका किडनीवर जगायची भीती, पैशांची, की 'मी दिली आणि ती टिकली नाही तर सगळे काय म्हणतील' ही. प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. पहिल्या दोन भीतींवर सर्जनशी बोलून फरक पडतो. हल्ली बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, काही दिवसांत घरी सोडतात, जड उचलणं महिना-दीड महिना बंद, आणि मग दरवर्षी बीपी, लघवी आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, जन्मभर. शेवटच्या भीतीसाठी मात्र यजमानांशीच बोलावं लागेल.

आणि उत्तर 'नको' असं आलं, तर तेही बोलायची जागा तीच. भूल देण्याच्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. अशा वेळी टीमला विनंती करता येते की कारण घरी सांगू नका. 'दाता म्हणून योग्य नाहीत' एवढंच सांगून विषय मिटवल्याची उदाहरणं आहेत. मग पुढं काय? कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं. त्यात दीरही आले, संसार असला तरी. शिवाय तुमच्या रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवता येतं. तिथं वाट बघावी लागते, म्हणून काय ठरायचं ते ठरो, त्याबद्दल रुग्णालयातल्या प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरना आताच विचारून ठेवा.

एक घरगुती गोष्ट, जी या सगळ्यात राहून जाते. नवरा-बायको दाता आणि घेणारे असले की घरात एकाच वेळी दोन पेशंट असतात. भाकरी कोण करणार? सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा रक्त तपासायला जावं लागतं, म्हणजे पुण्यात रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहणं आलं. मुलीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिरांना किडनी मागायचा संकोच वाटत असेल तर वाटू द्या, पण पुण्यात दीड महिना भावाजवळ राहायला आणि जाऊबाईंनी मुलीला सांभाळायला आजच सांगा, तारखा लिहून. त्या खोलीतही हेच विचारतील, आणि 'बघू, होईल काहीतरी' हे उत्तर जुन्या आजारापेक्षा जास्त अडतं. पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. तुमचं रुग्णालय योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा, आणि ऑपरेशननंतरच्या महिन्याच्या औषधांचा खर्च वेगळा मांडा.

पण सुरुवात पुण्याहून करू नका. पुढच्या डायलिसिसला दिरांऐवजी तुम्ही जा. पहिल्या तासात सुया टोचलेल्या असतात, माणूस त्रासलेला असतो. शेवटच्या तासात बऱ्याचदा बीपी उतरतं, पाय वळतात. दुसऱ्या तासाला चहावाला येऊन गेला की स्टूल ओढून बसा आणि फिस्टुला नसलेला, म्हणजे सुया न टोचलेला, हात हातात घ्या. त्यांना विचारा, फाईल दाखवायची का. ते जे म्हणतील ते पूर्ण ऐका, मध्ये 'पण आई म्हणतात' आणू नका. मग तुमचं सांगा, सहीखाली मला लिहिलंत ते. चार तास त्यांना खुर्चीतून उठता येत नाही, एवढा एक फायदा आहे त्या मशीनचा.

घरी आल्यावर फाईल शालूखालून काढून डायलिसिसच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. झेरॉक्स काढायच्यात, आणि शालूला जुन्या कागदाचा वास लागतो.